आधी भाकरीची सोय पाहणारे शिक्षणमहर्षी : कर्मवीर भाऊराव पाटील

वाचकहो, आम्हा शिक्षकांच्या हाती रोज सकाळी हजेरीपट येतो. जूनमध्ये वर्ग भरलेला असतो. दिवाळीची सुट्टी संपली की दोन-चार नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. चौकशी करावी तर कळते, एक मुलगा गॅरेजवर लागला, दुसरा बापाबरोबर वीटभट्टीवर गेला. फी माफ होती, पुस्तकेही मिळाली होती. तरी मुले गेली. असे का व्हावे, याचा विचार करताना मला नेहमी एका थोर पुरुषाचे चरित्र आठवते. या पुरुषाला स्वतःला मॅट्रिकही होता आले नव्हते. परंतु गरिबाचे मूल शाळेतून का गळते, हे त्याला पुरते उमगले होते. ते पुरुष म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी एका जैन शेतकरी घराण्यात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. तेथे असताना ते अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले आणि परत आल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पण याच कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी काढलेली वसतिगृहे त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. तो ठसा जन्मभर टिकला.

पुढे चरितार्थासाठी त्यांनी साताऱ्यास शिकवण्या केल्या. नंतर ओगल्यांच्या काच कारखान्याचा माल आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी ते खेडोपाडी हिंडले. आपण म्हणाल, विक्रेत्याचा आणि शिक्षणाचा संबंध काय? संबंध असा की, या भटकंतीत त्यांना खेड्यातील घरे आतून पाहावयास मिळाली. गुरे राखणारा मुलगा शाळेत का जात नाही, याचे कारण त्या घराच्या चुलीपाशी होते. गावात चौथीपुढे वर्ग नाही, शहरात राहण्यास जागा नाही आणि जागा मिळाली तरी जेवणाचे काय? शाळा काढण्याआधी या प्रश्नाचे उत्तर देणे भाग होते.

१९१० साली दुधगाव येथे सहकाऱ्यांच्या मदतीने विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढताना त्यांनी मुष्टिफंडाची पद्धत स्वीकारली. घरातील बाईने दळणा-रांधणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला टाकावयाचे आणि ते मुलांच्या जेवणासाठी द्यावयाचे. वाचकहो, या मुठीचे मोल धान्यापुरते समजू नका. ज्या बाईला अक्षर ठाऊक नव्हते, ती या मुठीमुळे शाळेची भागीदार झाली. ज्या घरातून धान्य जाते, ते घर शाळेला परके मानीत नाही.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, कराडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्थेचे कार्य साताऱ्यास आले व तेथे वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, चांभार, जैन, मुसलमान अशी सर्व मुले येथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीस जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

या संसाराचा भार सौ. लक्ष्मीबाईंनी उचलला, हे येथे सांगितलेच पाहिजे. त्या खात्यापित्या घरच्या आणि सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या. तरीही दुसऱ्यांच्या मुलांना त्यांनी आपली मानले. एकामागून एक दागिने मुलांच्या अन्नासाठी गेले. घरात धान्य उरले नाही तेव्हा त्यांनी मंगळसूत्रही देऊन टाकले. १९३० साली त्यांचे निधन झाले. संस्थेचा इतिहास लिहिताना देणगीदारांच्या यादीत पहिले नाव त्यांचेच असावे, असे मला वाटते.

भाऊरावांनी मुलांना फुकट जेवण्याची सवय मात्र लावली नाही. मुले पाणी भरीत, दळण दळीत, शेतात राबत, खडी फोडीत आणि इमारतीच्या बांधकामावर कामही करीत. साताऱ्यास १९४० साली महाराजा सयाजीराव यांच्या नावाने निघालेल्या हायस्कुलात कमवा आणि शिका ही योजना राबविण्यात आली. आपण श्रमाने शिकलो, कोणाच्या उपकाराने नव्हे, ही भावना घेऊन तेथील मुलगा बाहेर पडे. गरिबाला मदतीइतकीच मानाचीही गरज असते, हे भाऊराव जाणून होते.

खेड्यांत त्यांनी शेकडो स्वयंसेवी शाळा काढल्या. त्यांपैकी कित्येक देवळात, चावडीत अथवा कोणाच्या पडवीत भरत. शिक्षक तयार करण्यासाठी १९३५ साली साताऱ्यास अध्यापक विद्यालय, तर १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले. १९४८ साली सरकारी अनुदान बंद झाले, तेव्हा संस्था बुडणार असे अनेकांना वाटले. परंतु जिच्या मुठीतून संस्था उभी राहिली, त्या रयतेनेच ती सावरली. १९५९ साली त्यांना पद्मभूषण हा किताब व पुणे विद्यापीठाची डी. लिट्. पदवी मिळाली. त्याच वर्षी ९ मे रोजी ते निवर्तले. वटवृक्ष हे त्यांनी निवडलेले संस्थेचे बोधचिन्ह. आज शेकडो शाळा-महाविद्यालयांच्या रूपाने तो विस्तारला आहे.

वाचकहो, या चरित्रापासून आपण काय घ्यावयाचे? मोठी संस्था काढणे आपणा सर्वांना जमणार नाही. परंतु आपल्या गल्लीतील एखादा मुलगा शाळेत दिसेनासा झाला, तर त्याला आळशी ठरविण्यापूर्वी एकदा त्याच्या घरी जाऊन यावे. चुलीपाशी बसलेल्या त्याच्या आईशी दोन शब्द बोलावे. त्या घरी काय कमी आहे ते समजले, तर चार घरांच्या मुठीतून ते भागविता येते. आमच्या हजेरीपटातील एक नाव तरी त्यामुळे मार्चपर्यंत टिकेल. भाऊरावांनी साताऱ्यात वसतिगृह काढले, तेव्हा त्यांच्यापाशी याहून फार मोठे भांडवल नव्हते.