तांब्याचा माग

आमच्या घरी पणजीच्या वेळचे एक तांब्याचे घंगाळ होते. मागच्या दिवाळीत, जागा अडते म्हणून ते मोडीत काढले. वजन झाले, पैसे हातात आले. कोणालाच काही वाटले नाही. मला वाटले ते नंतर, कॉलेजच्या ग्रंथालयात डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांच्याविषयी वाचताना.

सांकलियांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत एका गुजराती कुटुंबात झाला. मूल इतके अशक्त की ते जगेल अशी आशा घरच्यांना नव्हती. त्याच मुलाने पुढे उन्हातान्हात नद्यांचे काठ पालथे घातले! लोकमान्य टिळकांचा आर्यांच्या मूलस्थानावरील ग्रंथ कोवळ्या वयात वाचून त्यांनी प्राचीन भारताचा ध्यास घेतला. लंडनला पीएच.डी. करीत असताना मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली ते उत्खनन शिकले आणि १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले.

१९५०-५१ मध्ये संगमनेरजवळ जोर्वे येथे त्यांनी उत्खनन केले. तेथल्या तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी प्रसिद्ध आहेत. पण दख्खनच्या काळ्या पाषाणात तांबे नाही. म्हणजे ते बाहेरूनच आलेले. राजस्थानात, वाळवंटाच्या पूर्वेकडील अरवलीच्या डोंगरांत, तांब्याच्या प्राचीन खाणी आहेत. तेथे उदयपूरजवळच्या आहाड गावी सांकलियांनी १९६१-६२ साली खोदकाम केले. या गावाचे जुने नावच तांबावती! तेथे कुऱ्हाडी तर मिळाल्याच, पण तांबे गाळल्यावर मागे उरणारी धातुमळीही मिळाली. म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वी तेथे भट्ट्या पेटत होत्या. आपल्याकडच्या त्या काळच्या वसाहतींत दगडी पाती ढिगांनी सापडतात. आहाडला ती जवळजवळ नाहीत. तांबे हाताशी असल्यावर दगड कोण घडवील? आपल्याकडे मात्र तांबे दुर्मिळ, म्हणून रोजची कापाकापी दगडी पात्यांनीच चाले.

हे समजल्यावर नेवाशाची हकीकत मला फार लागली. १९५४ ते १९५६ या काळात तेथे उत्खनन करताना सांकलियांना एका लहान मुलाचे दफन मिळाले. मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मणी ज्यात ओवले होते त्या धाग्याचे अवशेषही तांब्यामुळे टिकून राहिले. जे तांबे इतक्या दुरून येई, ते त्या आईबापांनी मुलाच्या गळ्यातून काढून घेतले नाही.

सांकलियांना १९७४ साली पद्मभूषण मिळाले. २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. टाकून दिलेल्या धातुमळीलाही जपून हाताळणाऱ्या या माणसाचे चरित्र वाचून मी घरी गेलो आणि आईला घंगाळाविषयी विचारले. त्याच्या काठावर काही अक्षरे कोरलेली होती, एवढे तिला आठवले. ती काय होती, हे आता घरात कोणालाच सांगता येत नाही.