पालिकेची नोकरी सोडून भिल्लांच्या पाड्यांकडे

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील चिंचपाडा हे नवापूर तालुक्यातील आदिवासीबहुल गाव. १९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार त्या वेळचा नवापूर पेटा अंशतः वगळलेल्या क्षेत्रात गणला जाई आणि गव्हर्नरने तसे जाहीर केल्याखेरीज प्रांतिक कायदे तेथे लागू होत नसत. अशा मुलखांचे स्वतंत्र भारतात काय करावयाचे, हा प्रश्न १९४७ मध्ये घटना समितीने आसामखेरीज इतर प्रांतांपुरता एका उपसमितीकडे सोपविला. तिचे अध्यक्ष अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर, म्हणजेच ठक्करबाप्पा, तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते. मूळ पेशाने ते अभियंता.

भावनगर येथे २९ नोव्हेंबर १८६९ रोजी जन्मलेल्या ठक्करांनी पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. पोरबंदर संस्थान, पूर्व आफ्रिकेतील युगांडा रेल्वे, सांगली संस्थान अशा नोकऱ्या त्यांनी केल्या. सांगलीच्या काळात गोपाळ कृष्ण गोखले आणि धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा परिचय झाला. पुढे मुंबई महापालिकेत शहराचा कचरा वाहून नेणाऱ्या रेल्वेची देखरेख त्यांच्याकडे आली आणि सफाई कामगारांच्या वस्त्यांतील घाण व कर्जबाजारीपणा त्यांनी जवळून पाहिला. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या कार्याचाही प्रभाव होताच.

नोकरी सांभाळून फावल्या वेळात समाजकार्य करण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. बहुतेक सुशिक्षित तोच पत्करीत आणि त्यात गैर काहीच नव्हते. ठक्करांना मात्र तो पुरेसा वाटला नाही. १९१४ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी राजीनामा दिला आणि गोखल्यांच्या भारत सेवक समाजात तुटपुंज्या मानधनावर ते दाखल झाले. अभियंत्याची शिस्त तेथेही सुटली नाही. दुष्काळी मदतकार्यात हिशेबाची चोख वही आणि प्रत्यक्ष पाहणी यांवर त्यांचा भर असे. पंचमहालच्या दुष्काळात भिल्लांची उपासमार पाहिल्यावर १९२२ मध्ये त्यांनी दाहोद येथे भील सेवा मंडळ स्थापन केले. आदिवासी मुलांनी आश्रमातच राहून शिकावे, ही आश्रमशाळेची कल्पना तेथे रुजली. १९३२ पासून हरिजन सेवक संघाचे सरचिटणीसपदही त्यांच्याकडे आले.

त्यांच्या भूमिकेला विरोधक होते. आदिवासींना बाहेरच्यांच्या सरसकट शिरकावापासून जपावे, असे व्हेरियर एल्विन यांचे मत. अलगपणामुळे हा समाज सावकार आणि ठेकेदारांच्या तावडीतच राहील, असे ठक्करांचे म्हणणे. १९४१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील काळे स्मृती व्याख्यानातही त्यांनी आदिवासींचाच प्रश्न हाती घेतला होता. दारूबंदी आणि स्वच्छतेच्या आग्रहातून आश्रमांनी आदिवासींवर परक्या चालीरीती लादल्या, हा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही. मात्र ठक्करांनी दौरा करून परत फिरण्याचे काम केले नाही, हेही नोंदवावे लागेल.

उपसमितीत जयपालसिंग मुंडा यांच्यासारखा आदिवासी नेताही होता. तिच्या अहवालाच्या आधारे राज्यघटनेची पाचवी अनुसूची आकाराला आली. आज नवापूर तालुका संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहे.

ठक्करबाप्पांचे २० जानेवारी १९५१ रोजी भावनगर येथे निधन झाले. पाड्यापाड्यांवर रस्ते, पाणी आणि समाजमंदिरे करण्यासाठी महाराष्ट्र शासनाने आखलेल्या आदिवासी वस्ती सुधारणा योजनेला पुढे त्यांचे नाव देण्यात आले.