पन्नास अंकांची तपश्चर्या

छायाचित्रणाला वाहिलेल्या नियतकालिकाचा एखादा देखणा अंक हाती आला की रसिक वाचक आधी मजकुराकडे वळत नाही. तो सावकाश पाने उलटतो, एखाद्या चित्रापाशी थबकतो, पुन्हा मागे येतो. वाचकाला मिळणाऱ्या या आनंदासाठी अमेरिकेतील एका संपादकाने आपली उमेदीची वर्षे वेचली. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ हे त्यांचे नाव.

१ जानेवारी १८६४ रोजी न्यू जर्सीतील होबोकेन येथे एका जर्मन-ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. यंत्र अभियांत्रिकी शिकण्यासाठी ते बर्लिनला गेले. तेथे रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फोगेल यांच्या वर्गात त्यांना छायाचित्रणाची गोडी लागली आणि अभियांत्रिकी मागे पडली. १८९० मध्ये ते न्यूयॉर्कला परतले. छायाचित्र म्हणजे निव्वळ यंत्राची करामत, असे मानण्याचा तो काळ होता. छायाचित्र ही कलाच आहे, हे सिद्ध करण्याचा ध्यास स्टिग्लिट्झ यांनी घेतला.

१८९७ पासून ते न्यूयॉर्कच्या कॅमेरा क्लबचे 'कॅमेरा नोट्स' हे त्रैमासिक संपादित करीत होते. मात्र त्यांची निवड कठोर होती. आपल्या चित्रांना जागा मिळत नाही, अशी सामान्य सभासदांची तक्रार वाढत गेली. अखेर १९०२ मध्ये स्टिग्लिट्झ यांनी ते संपादकपद सोडले आणि १९०३ च्या आरंभी स्वतःचे 'कॅमेरा वर्क' हे त्रैमासिक सुरू केले.

त्याच्या मुखपृष्ठाची रचना एडवर्ड स्टायकेन यांची होती. आतील अनेक चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरून, तलम जपानी कागदावर छापून, हाताने एकेक करून अंकात चिकटवलेली असत. १९०४ मध्ये ब्रुसेल्सच्या प्रदर्शनासाठी पाठवलेली मूळ चित्रे वेळेवर पोहोचली नाहीत, तेव्हा अंकातील चित्रेच भिंतीवर लावण्यात आली. प्रेक्षकांना ती मूळ छायाचित्रेच वाटली!

पुढे स्टिग्लिट्झ यांनी आपल्या '२९१' या कलादालनात रोदँ, मातीस, सेझान, पिकासो यांच्या कलाकृती मांडल्या आणि अंकातही या नव्या कलेला स्थान दिले. छायाचित्रांसाठी वर्गणी भरणाऱ्या अनेक वाचकांना हे रुचले नाही. एके काळी हजाराच्या घरात गेलेली वर्गणीदारांची संख्या अखेरीस चाळीसच्याही खाली आली. तडजोड करून वाचक टिकवणे शक्य होते. स्टिग्लिट्झ यांनी ते केले नाही. जून १९१७ मधील अखेरचा जोडअंक त्यांनी पॉल स्ट्रँड या तरुणाच्या धीट, रोखठोक छायाचित्रांना वाहिला. पन्नास क्रमांकांची ती मालिका तेथेच थांबली.

त्यांचा ध्यास मात्र वाया गेला नाही. बोस्टनच्या कलासंग्रहालयात भारतीय कलाविभाग सांभाळणारे आनंद कुमारस्वामी यांच्या पुढाकाराने १९२४ मध्ये त्या संग्रहालयाने स्टिग्लिट्झ यांची सत्तावीस छायाचित्रे स्वीकारली. छायाचित्राला कलासंग्रहालयाचे दार उघडण्यात भारतीय कलेच्या एका थोर अभ्यासकाचा हात असावा, हा योग आपल्यासाठी विशेष आहे.

१३ जुलै १९४६ रोजी न्यूयॉर्क येथे स्टिग्लिट्झ यांचे निधन झाले. एके काळी ज्या अंकांना चाळीस वर्गणीदारही उरले नव्हते, ते आज जगभरातील संग्रहालये जिवापाड जपतात. चांगल्या अंकाला वाचक उशिरा भेटतो, पण भेटतो.