एडगर राइस बरोज

एडगर राइस बरोज (१ सप्टेंबर १८७५ – १९ मार्च १९५०) हे अद्भुतरम्य कथा, साहसकथा व विज्ञानकथा लिहिणारे अमेरिकन कादंबरीकार होते. टारझन ही व्यक्तिरेखा आणि 'बारसूम' नावाने ओळखला जाणारा काल्पनिक मंगळ ही त्यांची निर्मिती होय. त्यांनी सत्तरहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. हे लेखन दर्जाच्या दृष्टीने अत्यंत असमान आहे. त्यातील मोजक्या कृतींनी विज्ञानकथेला नवी दिशा दिली, तर अनेक कृती स्वतःच्याच जुन्या कथांची पुनरावृत्ती ठरल्या.

प्रारंभिक जीवन

बरोज यांचा जन्म शिकागो येथे झाला. त्यांचे वडील अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात अधिकारी होते. मिशिगन मिलिटरी अकादमीतील शिक्षणानंतर वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत बरोज अनुत्तीर्ण झाले. त्यानंतर ते साधे सैनिक म्हणून ॲरिझोनात सातव्या घोडदळात दाखल झाले. परंतु हृदयदोषाच्या निदानामुळे १८९७ मध्ये त्यांना सैन्य सोडावे लागले. १९०० मध्ये त्यांचा एमा हलबर्ट यांच्याशी विवाह झाला. पुढील दशकभर त्यांनी आयडाहोत भावांच्या सोने काढण्याच्या उद्योगात, सॉल्ट लेक सिटीत रेल्वे पोलिसात आणि शिकागोत सीअर्स रोबक कंपनीच्या लघुलेखन विभागात काम केले. कोणत्याही व्यवसायात त्यांचा जम बसला नाही. पदरी दोन मुले असताना पत्नीचे दागिने गहाण ठेवण्याची वेळही त्यांच्यावर आली.

लेखनाचा प्रारंभ

१९११ मध्ये पेन्सिलीला टोक काढण्याच्या यंत्रांच्या विक्रीचा व्यवसाय करत असताना बरोज यांनी लेखनास सुरुवात केली. स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या 'पल्प' मासिकांतील कथा वाचून आपणही असे लिहू शकतो, असे त्यांना वाटले. त्यांची पहिली कादंबरी 'ऑल-स्टोरी' मासिकात फेब्रुवारी ते जुलै १९१२ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचे त्यांना ४०० डॉलर मिळाले. हीच कादंबरी १९१७ मध्ये 'अ प्रिन्सेस ऑफ मार्स' या नावाने पुस्तकरूपात आली. मध्ययुगीन इंग्लंडवरील त्यांची दुसरी कादंबरी त्याच मासिकाने नाकारली. तिसरी, 'टारझन ऑफ द एप्स', ऑक्टोबर १९१२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि अफाट लोकप्रिय ठरली.

साहित्य

बारसूम मालिकेत आटत चाललेले समुद्र, कालवे आणि परस्परांशी झुंजणारे विविध वंश असलेले एक मरणोन्मुख जग उभे राहते. मंगळावरील कालव्यांविषयी पर्सिव्हल लॉवेल यांनी लोकप्रिय केलेल्या कल्पनांशी ते जुळणारे आहे. मालिकेतील दुसरी कादंबरी 'द गॉड्स ऑफ मार्स' खोट्या स्वर्गाच्या आशेने आलेल्या यात्रेकरूंची शिकार करणाऱ्या धर्मसत्तेवर प्रहार करते. १९१८ च्या 'द लँड दॅट टाइम फर्गॉट' या कथामालिकेत एका बेटावरील प्रत्येक प्राणी एकाच आयुष्यात उत्क्रांतीचे टप्पे पार करतो. 'द चेसमेन ऑफ मार्स'मध्ये पटावरच्या सोंगट्यांच्या जागी जिवंत योद्धे लढतात. या कृती त्यांच्या उत्तम लेखनात गणल्या जातात.

उलट, टारझन मालिका जसजशी लांबत गेली तसतसा तिचा साचा ठरून गेला. कधी रोमन साम्राज्याची, तर कधी मध्ययुगीन धर्मयोद्ध्यांची आफ्रिकेत दडून राहिलेली वसाहत, राजकन्येचे अपहरण, नायकासारखा दिसणारा तोतया आणि ऐन वेळी घडणारे योगायोग यांची आवर्तने तिच्यात होत राहिली. बरोज आफ्रिकेत कधीही गेले नव्हते. टारझनच्या पहिल्या कथेच्या मासिकातील आवृत्तीत आफ्रिकेत वाघ होते; पुस्तकात ही चूक दुरुस्त करण्यात आली.

व्यवसाय आणि उत्तरायुष्य

१९१९ मध्ये बरोज यांनी कॅलिफोर्नियात सुमारे ५४० एकरांची मालमत्ता घेऊन तिला टारझाना असे नाव दिले. पुढे तेथील वस्तीनेही तेच नाव स्वीकारले. १९२३ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाची कंपनी स्थापन केली आणि १९३१ पासून आपली पुस्तके स्वतः प्रकाशित केली. चित्रपट व चित्रमालिकांच्या हक्कांतून उत्पन्न मिळत असले, तरी मोठ्या खर्चामुळे त्यांना सतत लिहीत राहावे लागले. १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा ते होनोलुलूत होते. त्यानंतर वयाची साठी उलटून गेलेली असतानाही त्यांनी पॅसिफिक आघाडीवर युद्ध वार्ताहर म्हणून काम केले. कॅलिफोर्नियातील एन्सिनो येथे त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

बरोज यांच्यावरील सर्वांत गंभीर आक्षेप वंशविषयक आहे. टारझनचे श्रेष्ठत्व त्याच्या इंग्रज उमराव कुळाशी जोडलेले आहे, तर आफ्रिकी लोकांचे चित्रण बहुधा अंधश्रद्ध किंवा क्रूर असे केले आहे. सुप्रजननशास्त्राकडेही बरोज यांचा कल होता. मात्र बारसूमवर हिरव्या, तांबड्या व काळ्या वंशांतील योद्धे नायकाचे विश्वासू मित्र होतात. हा अंतर्विरोध त्यांच्या लेखनात अखेरपर्यंत राहिला. लेखन हा त्यांच्यासाठी प्रथम चरितार्थाचा मार्ग होता. मुक्त कल्पनाशक्ती आणि घाईची पुनरावृत्ती या दोन्हींचे मूळ त्या गरजेत दिसते.

प्रभाव

रे ब्रॅडबरी आणि खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांना बालपणी बारसूमच्या कथांनी मंगळाची ओढ लावली. भारतात मुंबईच्या वाडिया मूव्हीटोन या संस्थेने १९३७ मध्ये होमी वाडिया दिग्दर्शित 'तूफानी टारझन' हा हिंदी चित्रपट काढला. १९६० च्या दशकात स्वस्त आवृत्त्यांमुळे बरोज यांची पुस्तके नव्या पिढीपर्यंत पोहोचली. मंगळावरील एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले आहे.