नाशवंत हास्याची मालकी

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अ‍ॅडम स्मिथ शिकवताना एका विधानापाशी वर्गात हमखास हशा पिकतो. १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्मिथने नट, विदूषक, गवई आणि नर्तक यांची गणना अनुत्पादक श्रमिकांत केली आहे. कलेविषयीचा तुच्छभाव हे त्याचे कारण नव्हते, कारण राजा आणि सैनिक यांनाही त्याने त्याच पंक्तीस बसविले होते. विदूषकाचे काम ज्या क्षणी जन्मते त्याच क्षणी लय पावते आणि साठवता येईल असे मागे काही उरत नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. प्रेक्षक हसला, पडदा पडला, हिशेब संपला. स्मिथच्या काळापुरते हे खरेही होते. हा हिशेब पुढे कसा बदलला, हे ज्यांना समजून घ्यावयाचे असेल त्यांनी अमेरिकन दूरचित्रवाणीवरील विनोदी अभिनेत्री ल्यूसिल बॉल हिचे चरित्र अवश्य पाहावे. प्रस्तुत लेखक तिचा चाहता आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

न्यूयॉर्क राज्यातील जेम्सटाऊन या गावी ६ ऑगस्ट १९११ रोजी ल्यूसिलचा जन्म झाला. वडील टेलिफोनच्या तारा ओढणारे कामगार होते. ती तीन वर्षांची असतानाच विषमज्वराने त्यांचे निधन झाले. आजी-आजोबांच्या छायेत वाढलेली ही मुलगी कोवळ्या वयात नाट्यशिक्षणासाठी न्यूयॉर्कला गेली आणि अंगी गुण नाही असा शेरा पदरात घेऊन परतली. पुढे तिने कपड्यांच्या दुकानात मॉडेलचे काम केले, १९३३ साली हॉलिवूड गाठले आणि यथावकाश आरकेओ या स्टुडिओत ती पगारी नटी झाली. त्या व्यवस्थेत नटाला वेतन मिळे आणि चित्रपट कंपनीचा होई. दुय्यम चित्रपटांत नायिकेची कामे करीत तिची कित्येक वर्षे गेली. १९४० साली आरकेओच्याच एका चित्रपटाच्या निमित्ताने क्युबाहून आलेल्या देसी आर्नाझ या गायक-वादकाशी तिची भेट झाली आणि वर्षअखेरीच्या आत दोघे विवाहबद्ध झाले.

१९४८ ते १९५१ या काळात तिची एक विनोदी नभोनाट्यमाला सीबीएस या कंपनीवर लोकप्रिय झाली. ती दूरचित्रवाणीवर आणण्याचा प्रस्ताव येताच तिने अट घातली, की पतीची भूमिका देसीनेच करावी. अमेरिकन स्त्री आणि परकीय उच्चारांचा क्युबन पती ही जोडी प्रेक्षक स्वीकारतील काय, अशी कंपनीला शंका होती. त्यावर वाद घालीत न बसता १९५० साली पतिपत्नींनी रंगभूमीवर दौरा केला आणि प्रेक्षकांकडूनच उत्तर मिळविले.

दुसरा पेच तांत्रिक होता. पण माझ्या मते या चरित्राचा खरा कणा तोच आहे. तेव्हाचे बहुतेक मोठे कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत आणि दूरच्या शहरांना पडद्यावरून टिपलेली धूसर प्रत मिळे. या दोघांना लॉस एंजेलिस सोडावयाचे नव्हते. म्हणून असे ठरले, की प्रेक्षकांसमोर नाटकासारखा प्रयोग करावयाचा आणि तीन कॅमेऱ्यांनी तो चांगल्या चित्रपटफितीवर टिपावयाचा. ‘मेट्रोपोलिस’चे छायालेखक कार्ल फ्रॉइंड यांनी त्यासाठी प्रकाशयोजना बसविली. खर्च अर्थातच वाढला. तेव्हा पतिपत्नींनी आठवड्याच्या ५,००० डॉलर मानधनातील १,००० डॉलर सोडले आणि त्याच्या बदल्यात फितींची मालकी आपल्या ‘देसिलू’ या संस्थेकडे मागून घेतली. कंपनीने ती खुशाल दिली. एकदा दाखविलेला कार्यक्रम म्हणजे कालचे वर्तमानपत्र, अशीच त्या काळची समजूत होती.

१५ ऑक्टोबर १९५१ रोजी ‘आय लव्ह ल्यूसी’ सुरू झाली. १९५२ सालच्या एका भागात ल्यूसी आणि तिची शेजारीण चॉकलेटच्या कारखान्यात कामाला लागतात. सरकत्या पट्ट्याचा वेग वाढत जातो आणि वेष्टनात न मावणारी चॉकलेटे त्या तोंडात, टोपीत, पोलक्यात कोंबू लागतात. यंत्राच्या गतीपुढे माणसाची होणारी त्रेधा आमची पाठ्यपुस्तके इतक्या थोडक्यात सांगू शकत नाहीत. १९ जानेवारी १९५३ रोजी मालिकेतील ल्यूसीला मुलगा झाला, त्याच दिवशी ल्यूसिललाही पुत्रप्राप्ती झाली. सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी तो भाग पाहिला. तिच्या बाळंतपणाच्या काळात जुने भाग पुन्हा दाखविले गेले आणि लोकांनी ते आवडीने पाहिले. कालचे वर्तमानपत्र दुसऱ्यांदाही खपू शकते, हे तेव्हा उघड झाले.

त्या फिती सीबीएसला विकून संस्थेच्या हाती मोठे भांडवल आले. १९५७ साली, जिथे दोघांनी पगारी नोकरी केली होती तो आरकेओ स्टुडिओच देसिलूने विकत घेतला. १९६० साली संसार मोडला. १९६२ साली ल्यूसिलने देसीचा हिस्सा घेतला आणि एवढ्या मोठ्या स्टुडिओची सूत्रे एका स्त्रीच्या हाती आली. ‘स्टार ट्रेक’ आणि ‘मिशन इम्पॉसिबल’ या मालिका १९६६ साली तिच्याच संस्थेतून बाहेर पडल्या. १९६७ साली तिने सुमारे १ कोटी ७० लाख डॉलरला ती संस्था विकली.

या यशोगाथेची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. फिती विकल्यामुळे पुढील अनेक दशकांच्या पुनःप्रक्षेपणाचे उत्पन्न खरेदीदाराकडे गेले. शिवाय भांडवल म्हणजे हशा नव्हे. १९८६ सालची तिची अखेरची मालिका अवघ्या काही भागांत गुंडाळावी लागली. २६ एप्रिल १९८९ रोजी तिचे निधन झाले. जुने भाग मात्र त्यानंतरही जगभर चालूच राहिले.

हा प्रश्न आजही मिटलेला नाही. २०२३ साली हॉलिवूडचे लेखक आणि नट काही महिने संपावर गेले. पुन्हा पुन्हा पाहिल्या जाणाऱ्या कामाचा मोबदला हा त्यांच्या मागण्यांतील एक मुख्य मुद्दा होता. आपल्याकडे २०१२ सालच्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचे स्वामित्वधन सुरक्षित केले आणि कलावंताच्या सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरावरील त्याचा हक्कही मान्य केला. परंतु कायदा पुस्तकात असणे वेगळे आणि करारावर सही करताना तो आठवणे वेगळे. निर्माता जोखीम पत्करतो, म्हणून मालकी त्याची, हा युक्तिवाद पोकळ नाही. पण ल्यूसिलने मालकी दान म्हणून मागितली नव्हती. आठवड्याचे १,००० डॉलर सोडून तिने जोखमीत वाटा उचलला आणि मग फळात वाटा घेतला. दिवसाच्या मेहनतान्यावर प्रहसने करणाऱ्या आपल्या नटनट्यांनीही पुढच्या करारात थोडे कमी मानधन आणि थोडी मालकी असा पर्याय मांडून पाहावा, आणि निर्मात्यांनी तो ऐकून घ्यावा. हास्य आता नाशवंत राहिलेले नाही. मग ते निर्माण करणाऱ्याचा हक्क तरी पडद्याबरोबर का संपावा?