मालवणचे घुर्ये आणि जातीची सहा लक्षणे

समाजशास्त्राच्या प्रारंभिक अभ्यासक्रमात जातिसंस्थेची सहा लक्षणे शिकविली जातात. समाजाचे खंडशः विभाजन, त्या खंडांची उतरंड, खाण्यापिण्याच्या व परस्परसंपर्काच्या बाबतीतील निर्बंध, निरनिराळ्या जातींच्या वाट्याला येणारे नागरी व धार्मिक विशेषाधिकार अथवा त्यांपासूनची वंचितता, व्यवसायनिवडीच्या स्वातंत्र्याचा अभाव आणि विवाहावरील बंधने, ही ती सहा लक्षणे होत. विद्यार्थी ती चोख पाठ करतात आणि परीक्षा संपली की बहुधा विसरून जातात. ज्यांनी ती मांडली ते प्रा. गोविंद सदाशिव घुर्ये मालवणचे होते, याची आठवण खुद्द सिंधुदुर्गातही क्वचितच काढली जाते. पुढील जनगणनेत सर्व जातींची नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने 2025 साली घेतला. 1931 नंतरच्या कोणत्याही दशवार्षिक जनगणनेने सर्व जातींचे आकडे प्रसिद्ध केलेले नाहीत. अशा वेळी घुर्ये यांच्या चरित्राकडे व विचाराकडे पुन्हा वळणे अगत्याचे आहे.

घुर्ये यांचा जन्म 12 डिसेंबर 1893 रोजी मालवण येथे एका सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा 1981 साली, म्हणजे घुर्ये यांच्या आयुष्याच्या अगदी अखेरीस, अस्तित्वात आला. समोर शिवकालीन जलदुर्ग, किनाऱ्यावर रापण ओढणारे गाबीत, माडांच्या बागांत वावरणारे भंडारी, आणि जातवार वसलेल्या वाड्या, असा हा किनारा होता. अशा गावात वाढणाऱ्या मुलाला जात म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नसे. कोणी कोणत्या विहिरीचे पाणी भरावयाचे, कोणी अंगणात थांबावयाचे आणि कोणी ओटीवर यावयाचे, हे त्याला अक्षरओळख होण्यापूर्वीच कळत असे. इतक्या जवळच्या वस्तूकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहणे सोपे नसते. घुर्ये यांनी पुढे नेमके तेच केले.

कोकणातील असंख्य मुलांप्रमाणे त्यांनाही शिक्षणासाठी गाव सोडावे लागले. गिरगावातील शाळा, काही काळ जुनागढचे बहाउद्दीन कॉलेज आणि त्यानंतर मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असा त्यांचा प्रवास झाला. संस्कृत हा त्यांचा आवडीचा विषय. एम.ए.च्या परीक्षेत त्यांनी कुलपतींचे सुवर्णपदक मिळविले आणि पुढे ते संस्कृतचे अध्यापन करू लागले. त्यांच्या पत्नी सजूबाई शेजारच्याच वेंगुर्ल्याच्या. हे सारे पाहता एक नामवंत संस्कृत पंडित म्हणून त्यांचे आयुष्य गेले असते तर कोणालाही नवल वाटले नसते.

परंतु 1919 साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि नगररचनेचे स्कॉटिश अभ्यासक पॅट्रिक गेडेस त्याचे प्रमुख झाले. त्यांच्या व्याख्यानांना घुर्ये उपस्थित राहू लागले. नागरी केंद्र म्हणून मुंबईचा विचार करणारा एक निबंध त्यांनी लिहिला आणि त्यांना परदेशी अभ्यासासाठी शिष्यवृत्ती मिळाली. प्रथम लंडनला हॉबहाउस यांच्याकडे व नंतर केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे ते गेले. रिव्हर्स यांनी निलगिरीतील तोडा जमातीचा अभ्यास केला होता, आणि लोकांच्या वंशावळी काळजीपूर्वक टिपून त्यांतून नातेसंबंधांचे नियम शोधण्याची पद्धत रूढ केली होती. 1922 साली रिव्हर्स यांचे अकाली निधन झाले. तेव्हा हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली घुर्ये यांनी पीएच.डी. पूर्ण केली. 1924 साली मुंबईस येऊन त्यांनी विभागाची सूत्रे हाती घेतली आणि 1959 साली निवृत्त होईपर्यंत, म्हणजे 35 वर्षे, हा विभाग त्यांच्याच नावाने ओळखला गेला.

जात व वंश या विषयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1932 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी सर हर्बर्ट रिझले यांचा सिद्धांत प्रतिष्ठित होता. जातीचे मूळ वंशभेदात आहे आणि नाकाच्या मापावरून जातीचे सामाजिक स्थान ओळखता येते, असे रिझले यांचे प्रतिपादन होते. घुर्ये यांनी उपलब्ध मोजमापेच तपासावयास घेतली. असा मेळ उत्तर भारतातील हिंदुस्थान म्हणविल्या जाणाऱ्या टापूत काही अंशी बसत होता. महाराष्ट्रासारख्या इतर प्रांतांत तो बसत नव्हता. एका प्रांतातील भिन्न जाती शरीरठेवणीने एकमेकींना जवळच्या होत्या. याचा अर्थ असा की, जातींची उतरंड निसर्गाने रचलेली आहे असे म्हणावयास शास्त्रीय आधार उरत नव्हता. ती सामाजिक नियमांनी घडलेली व टिकलेली संस्था ठरत होती. सहा लक्षणांचे महत्त्व येथे आहे. नियम वेगवेगळे सांगता आले की त्यांतील कोणता शिथिल झाला आणि कोणता घट्ट राहिला हेही तपासता येते.

याच विषयावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात आपला निबंध वाचला होता. त्यांनी सर्व भर एकाच गोष्टीवर दिला होता, ती म्हणजे जातीअंतर्गत विवाह. पुढे 1936 साली त्यांनी असे दाखवून दिले की जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे. घुर्ये यांच्या यादीतील पाचवे लक्षण अर्थशास्त्राच्या दृष्टीने वाचले म्हणजे या विधानाचे मर्म कळते. जेथे मजुराला धंदा बदलता येत नाही, तेथे श्रमाच्या खुल्या बाजाराची भाषाच फोल ठरते. मात्र घुर्ये यांनी ज्या गोष्टीची नोंद एक लक्षण म्हणून केली, तिच्यात आंबेडकरांना अन्याय दिसला. दोघांच्या दृष्टीतील हा फरक उतरंडीवरील त्यांच्या जागांशी निगडित होता, हे नाकारता येणार नाही.

घुर्ये यांच्या विचारांच्या मर्यादा अन्यत्रही दिसतात. 1943 साली आदिवासींविषयी लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी व्हेरिअर एल्विन यांच्या अलगतावादी भूमिकेवर कठोर टीका केली आणि आदिवासी हे मागासलेले हिंदूच होत असे मत मांडले. सावकार व जमीनदार यांनी चालविलेल्या आदिवासींच्या पिळवणुकीची त्यांना जाणीव होती. तथापि ज्या समाजात आदिवासींनी मिसळून जावयाचे, त्याच समाजाकडून त्यांची जमीन बळकावली जात होती, या विसंगतीचे पुरेसे उत्तर त्यांच्या विवेचनात मिळत नाही. प्राचीन संस्कृत ग्रंथांवर त्यांची भिस्त अधिक होती, हा आक्षेपही अनेकांनी घेतला आहे.

असे असले तरी ग्रंथालयाबाहेर पाहण्याची सवय त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना लाविली. इरावती कर्वे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली एम.ए.चे संशोधन केले. म्हैसूरमधील विवाह व कुटुंब यांवरील अभ्यासाने आरंभ करणारे एम. एन. श्रीनिवास यांनी पुढे संस्कृतिकरणाची संकल्पना मांडली आणि गुरूची ग्रंथप्रधान पद्धती मागे टाकली. अ. र. देसाई तर मार्क्सवादी; भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरील त्यांचा प्रबंधही घुर्ये यांच्याच विभागात तयार झाला. पुण्याजवळच्या लोणीकंद गावाची पाहणी थॉमस कोट्स यांनी पेशवाईच्या अस्तानंतर लगेच केली होती. सव्वाशे वर्षांनंतर त्या गावात काय बदलले, याचा शोध घेणारे पुस्तक घुर्ये यांनी 1960 साली प्रसिद्ध केले. 1951 साली त्यांच्या पुढाकाराने भारतीय समाजशास्त्र परिषद स्थापन झाली आणि पुढील वर्षी तिचे नियतकालिक निघू लागले. निवृत्तीनंतरही त्यांची लेखणी थांबली नाही. 28 डिसेंबर 1983 रोजी, वयाची 90 वर्षे पूर्ण केल्यावर, त्यांचे निधन झाले.

आता जनगणनेचा प्रश्न. 1901 च्या जनगणनेत रिझले यांनी जातींची सामाजिक श्रेष्ठतेनुसार क्रमवारी लावण्याचा प्रयत्न केला. वरची जागा मिळविण्यासाठी जातीजातींच्या सभा अर्ज घेऊन पुढे सरसावल्या. या प्रकाराने जातीय भावनेला नवा जोम आला, असे घुर्ये यांचे निदान होते आणि ते यथार्थ होते. परंतु शासनाने जातीला मान्यता देणे थांबविले की ती क्षीण होत जाईल, या त्यांच्या अपेक्षेला इतिहासाने दुजोरा दिलेला नाही. नव्वदाहून अधिक वर्षे जनगणनेने सर्व जातींचे आकडे दिले नाहीत. तरीही 2011-12 च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाहांचे प्रमाण सुमारे 5 टक्केच आढळले. न मोजल्यामुळे जात गेली नाही. तिच्यामुळे कोणाच्या पदरी काय पडते, हे तेवढे दिसेनासे झाले.

मोजणीला विरोध करण्याचे कारण म्हणून घुर्ये यांचे नाव पुढे करणे त्यामुळे योग्य होणार नाही. त्यांच्याकडून घ्यावयाची गोष्ट निराळी आहे. जनगणनेतून जातींची डोकी मोजली जातील. नियम मोजले जाणार नाहीत. मालवणच्या खाणावळीत आज शेजारच्या पानावरील माणसाची जात कोणी विचारीत नाही, आणि गाबीत वा भंडारी घरांतील मुले शिक्षक, कारकून, अभियंते झाली आहेत. तिसरे व पाचवे लक्षण सैल झाले, एवढे खासच. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 2020 साली घेतला, परंतु वाड्या जेथे होत्या तेथेच आहेत. आणि वधूवरसूचक जाहिरातींचे रकाने पाहिले म्हणजे सहावे लक्षण किती शाबूत आहे हे कळून येते. आंबेडकरांनी 1916 साली बोट ठेवले होते ते नेमके याच लक्षणावर.

शिक्षकांनी ही सहा लक्षणे फळ्यावर लिहिल्यानंतर विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वतःच्या वाडीची पाहणी करावयास सांगावे. कोणत्या लक्षणापुढे अजून खूण करावी लागते आणि कोणते खोडता येते, हे त्यांनीच ठरवावे. उत्तरे अडचणीची येतील, काही घरांत ती रुचणारही नाहीत. परंतु मालवणच्या एका संस्कृत अध्यापकाने आपल्या सरावातील जगाकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहिले, म्हणून हा पाठ क्रमिक पुस्तकात आला. तो केवळ गुणांसाठी पाठ करणे हा त्याचा सर्वांत मोठा अपव्यय आहे.