तोफेच्या लोखंडाचे नांगर

शेतकऱ्याच्या दृष्टीने नांगराचा फाळ ही साधी वस्तू असली, तरी तो ओतणाऱ्याच्या दृष्टीने ती परीक्षाच असते. फाळ मऊ निघाला तर लवकर झिजतो. फाजील कडक निघाला तर पहिल्याच दगडावर तुटतो. बिडात कार्बन व सिलिकॉन किती आहे आणि साच्यातील रस किती वेगाने निवला, यावर हे सारे अवलंबून. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांच्या आयुष्याचा फार मोठा भाग या परीक्षेत गेला.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु आपण अंशतः रंगांध असल्याचे तेथे लक्षात आल्यावर रंग सोडून त्यांनी यांत्रिक रेखाटनाची कास धरली. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत ते तोच विषय शिकवू लागले. हक्काची बढती दुसऱ्यास मिळाल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. तेथे थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह १८८८ पासूनचे सायकलींचे दुकान होतेच. सायकलींमागून कडबा कापण्याचे यंत्र आले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होते, असा त्या काळी समज होता. नांगर तयार होता, पण गिऱ्हाईक मिळण्यास दोन वर्षे लागली.

नगरपालिकेच्या आदेशामुळे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावले. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर त्या संस्थानाचा कुंडलकडील भाग सांगली जिल्ह्यात. राजेसाहेबांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा बत्तीस एकरांचा माळ दिला आणि दहा हजार रुपयांचे कर्जही. निवडुंगाने आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवरही लक्ष्मणरावांनी तेथे विश्वासाची कामे सोपविली.

खरी कसोटी लागली ती पहिल्या महायुद्धात. बाहेरून येणारे लोखंड बंद झाले, दगडी कोळसा दुर्मीळ झाला. भट्टीसाठी लाकडी कोळसा वापरून पाहिला गेला. आणि लोखंड? कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यांवर पडून असलेल्या जुन्या तोफा उपलब्ध करून दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले.

प्रस्तुत लेखकास या ठिकाणी थोडे रेंगाळावेसे वाटते. निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या हातांनी घडलेल्या तोफांचे लोखंड एकसारखे असणे शक्य नव्हते. त्या काळच्या ओतशाळांत धातूची पारख मुख्यतः तुटलेल्या कडेवरून होई : करडी दिसली तर बीड मऊ, चांदीसारखी पांढरी चमकली तर कडक व ठिसूळ. रंगांध मालकाच्या कारखान्यातही चालण्यासारखी अशी ही पारख! रासायनिक पृथक्करण करावयाचे, तर नमुन्याचा कीस काढून तो आम्लात विरघळवावा लागे.

१९८५ मध्ये इंग्लंडमधील ॲलन ग्रे यांनी घन नमुन्यासाठी वेगळी वाट दाखविली. लेझरच्या झोताने पृष्ठभागावरील केसाच्या जाडीएवढ्या ठिपक्याचे सूक्ष्म कण उडवायचे, ते वायूच्या प्रवाहाने हजारो अंश तापलेल्या आर्गॉनच्या प्लाझ्मात न्यायचे आणि तेथे निर्माण झालेले आयन मास स्पेक्ट्रोमीटरने वस्तुमानानुसार वेगळे करून मोजायचे. दशलक्ष भागांत एखादा भाग असलेले मूलद्रव्यही यात सापडते आणि वस्तू जवळजवळ अभंग राहते. मात्र तुलनेसाठी त्याच जातीचा प्रमाणित नमुना हाताशी असावा लागतो आणि बिडातला कार्बन मोजण्यास ही पद्धत फारशी सोयीची नाही, कारण प्लाझ्मात कार्बनचे आयन सहजी होत नाहीत. ओतशाळांतील नित्याच्या कामास ठिणगीवर चालणारा स्पेक्ट्रोमीटरच पुरतो. पुराणवस्तूंच्या अभ्यासकांना मात्र लेझरने मोठाच आधार दिला आहे. त्या तोफा आज असत्या, तर नजरेस न येणाऱ्या खड्ड्यातून त्यांच्या लोखंडाच्या उगमाचा माग घेता आला असता. एकदा रस एकत्र झाला की ती ओळख पुसली जाते. याची हळहळ वाटते. पण युद्धकाळात कामगारांच्या कुटुंबांची चूल भट्टीवर अवलंबून असताना लक्ष्मणरावांनी दुसरे काय करावयाचे होते?

युद्धानंतर १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी सुरू केलेली 'किर्लोस्कर खबर' पुढे 'किर्लोस्कर' मासिक म्हणून मराठी घराघरांत पोचली. शेंगा फोडण्याची यंत्रे, उसाचे चरक आणि १९२६ च्या सुमारास पाण्याचे पंप वाडीत तयार होऊ लागले. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत अभियांत्रिकी शिकून परतले आणि त्यांनी कारभाराचा वाटा उचलला.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. २० जून १९६९ रोजी, त्यांच्या जन्मशताब्दीस, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. कुंडल रोड स्थानकास तोवर किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले होते.